ठासणीची बंदूक भट्टीत घालू नका

मा. संपादक,

परवानाधारक वारला की घरातल्या बंदुकांचं काय करायचं, यावर आमच्या कोकणात एकच सल्ला मिळतो : ‘ठाण्यात जमा करा नि मोकळे व्हा.’ यातलं पहिलं बरोबर आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे वारसांनी त्या विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायलाच हव्यात. पण त्याच कलमाने जमा केलेलं शस्त्र पात्र माणसाला विकण्याचा हक्कही वारसांना दिला आहे. तो सहसा कोणी सांगत नाही. त्यासाठी ठरलेली मुदत टळली की शस्त्र सरकारजमा होतं.

दोन नळ्यांची बारा बोअर आजही कामाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्कानेसुद्धा. मग जादाची बंदूक रानडुकरांनी बेजार झालेल्या, शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्याला का जाऊ नये? फक्त विकताना नळी उजेडात धरून बघा. तिच्यावर नागमोडी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलाद पिळून, ठोकून केलेली दमास्कस नळी असण्याची शक्यता मोठी. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या. आजच्या काडतुसाने फुटू शकतात. हे गिऱ्हाइकापासून लपवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

ठासणीच्या बंदुकीची गोष्टच निराळी. तोंडातून दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, वर छर्रे, पुन्हा बोळा, मग घोड्याखाली केप. (पावसाळ्यात बार फुसका जायचा, तो भाग वेगळा.) तडा गेलेला दस्ता पितळी पट्टीने सांधलेला असतो, त्यात गावच्या कारागिराचा हात दिसतो. अशी बंदूक शेतकऱ्याला विकून उपयोग नाही, ती संग्रहालयात शोभेल. जुनाट बनावटीच्या, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या शस्त्राला कलम ४५ मध्ये सूट आहे. पण ती उडते की नाही हे ओटीवर बसून ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडून लेखी घ्यावं. आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाचा भाव ऐकून हुरळू नये. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते, आणि १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

सुरक्षेसाठी बंदुका कमी व्हाव्यात, हे मलाही मान्य आहे. पण न उडणारी ठासणीची वितळवून कोणाची सुरक्षा वाढते? सरकारजमा शस्त्रं नष्ट करण्याच्या यादीवर सही करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी ती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला दाखवावी. आपल्या पत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी