शिवण दिसणारा वाघ

पौर्णिमेचा चंद्र वर आला की राहुल रॉयचा वाघ व्हायचा. महेश भट्टांचा ‘जुनून’, १९९२ चा. भाड्याचा व्हीसीआर, अंगणात मांडलेला रंगीत टीव्ही आणि एका रात्रीत तीन सिनेमे, या हिशेबात असला एखादा असायचाच. आज पन्नाशीला टेकलेली माणसं या सिनेमांची आठवण काढतात ती घाबरल्याची नव्हे, हसल्याची. एका चौकटीत नट, पुढच्या चौकटीत सर्कशीतला वाघ, आणि दोघांची झटापट आली की कातडं पांघरलेला कुणीतरी! गोंदिया जिल्ह्यात तर हे हसू जास्तच मोकळं. खरा वाघ नागझिरा-नवेगावात, म्हणजे कित्येक गावांच्या पाठीशीच. ज्यांना मोहफुलं वेचायला झुंजुमुंजू होताच रानात जावं लागतं, त्यांना पडद्यावरचा वाघ खोटा आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हा धंदा जगभर असाच चालला. १९७५ मध्ये शार्कवरच्या ‘जॉज’ने पैशांचा पाऊस पाडला आणि नकलांची रांग लागली. ‘ग्रिझली’त अस्वल, ‘पिरान्हा’त मासे. आपल्याकडे धर्मेंद्रच्या ‘आतंक’मध्ये शार्क आला, तोही थेट १९९६ मध्ये. पण कडी केली होती ती ‘जॉज’च्याही आधी, १९७२ च्या ‘नाइट ऑफ द लेपस’ने. त्यात माणसांचे मुडदे पाडतात ते ससे! खेळण्यातल्या घरांमधून साधे गोजिरवाणे ससे पळवले की प्रेक्षकांची गाळण उडेल, असा त्या मंडळींचा भाबडा विश्वास होता.

या सगळ्यांत एक सचोटी होती. आम्ही खोटं दाखवतोय, हे ते लपवत नसत. लपवण्याइतका पैसाच नव्हता म्हणा. दोन तास खोट्याला खरं मानायचं, मग घरी जायचं, असा तो तिकीट काढून केलेला करार. भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनी तर आपलं आडनाव हीच जाहिरात केली.

अर्थात या आठवणींना गोडवा चढवताना सगळंच माफ करू नये. कातडं खोटं असलं तरी सर्कशीतला वाघ खरा होता, आणि त्याचे हाल कुणी विचारले नाहीत. १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, बिबट, अस्वलांच्या खेळांवर बंदी घातली ते उगीच नव्हे. ‘जॉज’ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठीच झटत राहिला. आपल्या गोष्टीने त्या माशाचं काय केलं, हे त्याला कळलं होतं.

आजचा खोटा वाघ मात्र वेगळ्या जातीचा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचं नाव घालून एक चित्रफीत फिरली. वनविभागाच्या विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो आणि त्याला ओढून नेतो. सीसीटीव्हीचं असावं तसं धुरकट चित्र, कोपऱ्यात तारीख-वेळ. सगळं यंत्राने रचलेलं. असं काही घडलेलं नाही, हा खुलासा वनविभागाला करावा लागला. पण खुलासा कधी चित्रफितीइतका धावतो का? ब्रह्मपुरीच्या रानात माणसं खरोखर वाघाच्या तोंडी जातात, म्हणूनच हे खोटं तिथे सहज खपतं. तेंदूपत्त्याच्या हंगामात असली एखादी चित्रफीत आपल्या सडक अर्जुनी किंवा देवरीच्या नावाने सुटली, तर कुणाची मजुरी बुडेल आणि कुणावर जमाव धावून जाईल, याची कल्पना करायला पटकथाकार लागत नाही.

खऱ्या चित्रफितीचं नशीबही पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीच्या जंगलात मोटारीने वाघाला धडक दिली. उठू न शकणारा, फरपटत झाडीत शिरणारा तो वाघ लोकांनी मोबाइलवर पाहिला, हळहळले, पुढे पाठवला. वाघ वाचला नाही. या कथेत मारेकरी होतं ते चार चाकांचं, म्हणून तिला भयपटाची कळा आली नाही. आजही त्या रस्त्यावर रात्री गाडीचा काटा खाली आणावा असं किती जणांना वाटतं?

जंगलालगतच्या गावांत पीआरटीची, म्हणजे प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं आहेत, बीटचा वनरक्षक आहे. चित्रफीत पुढे सरकवण्याआधी त्यांना एक फोन लावायला पैसे पडत नाहीत. वनविभागानेही खुलाशावर न थांबता अशी चित्रफीत रचणाऱ्यापर्यंत पोहोचून गुन्हा नोंदवावा, आणि तो नोंदवल्याचं गावोगावी कळू द्यावं. आणि ज्यांना वाघाचा खोटा खेळ करायचाच आहे, त्यांनी तो खुशाल करावा. फक्त वर ठळक अक्षरांत आपलं नाव घालावं. रामशांना त्याची कधी लाज वाटली नव्हती.