गाडी येईपर्यंत पायाचं काय?

मा. पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे



गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या कुत्रीला टेम्पोने उडवलं. मागचा पाय मांडीत मोडला होता. कुणी बांबूची कामटी आणली, सुतळी मी आणली आणि करकचून बांधलीही मीच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुतळी कापली तेव्हा पंजा फुगून गार पडला होता, नखांजवळची कातडी काळीनिळी झाली होती. पाय काढावा लागला. हाड टेम्पोने मोडलं, पण पाय माझ्या गाठीने गेला.

नंतर त्याच डॉक्टरांनी समजावलं. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरले गेले तरच कामटीचा उपयोग. म्हणून ती कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खालच्या मोडीलाच चालते. मांडीत किंवा दंडात मोड असेल तर वरचा सांधा धरताच येत नाही. कामटीचं ओझं खाली लोंबतं आणि मोडलेली टोकं आतलं मांस फाडत राहतात. अशा वेळी काहीच बांधू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर घालून न्यावं. मांजर असेल तर खोक्यात.

खालची मोड असेल तर भरपूर कापूस, त्यावर वर्तमानपत्राची जाड गुंडाळी आणि बेताची पट्टी पुरते. पाय आहे त्याच स्थितीत बांधायचा, ओढून सरळ करायचा नाही. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या कापडाने झाकायचं. जनावर झटापट करत असेल तर बांधायचा हट्टच सोडायचा. आणि घरातली पॅरासिटामॉल मुळीच द्यायची नाही. मांजर त्या एका गोळीनेही दगावतं.

यातलं काहीही अवघड नाही, फक्त आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीसाठी १९६२ ला फोन लावला की समोरच्याने एवढं तरी विचारावं, ‘मोड कुठे आहे, वर की खाली?’ गाडी मिळो न मिळो, पुढचे दोन शब्द त्यानेच सांगावेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाचे तक्ते लागतात, त्यांच्या शेजारी हाही एक लागावा. त्यावर चित्र एकच असलं तरी चालेल: पट्टीबाहेर उघडी ठेवलेली मधली दोन बोटं, आणि ती गरम आहेत ना, हे चाचपून पाहणारा हात.

आपली,
एक नागरिक