नाक्यांवर अडलेली एकी

नायजरमधील शेतकऱ्याचा कांदा मालमोटारीत भरून अबिजानच्या बाजाराकडे निघतो, तेव्हा त्याची पहिली गाठ पडते ती रस्त्यावर आडव्या बांधलेल्या दोराशी. पोलीस, जकात अधिकारी, लष्करी शिपाई यांपैकी कोणीतरी कागदपत्रे मागतो. आणि ती पुरी असली तरी हात ओले केल्यावाचून दोर खाली येत नाही.

वस्तुतः पश्चिम आफ्रिकेत कायद्यांची वाण नाही. १९७५ साली लागोस येथे पंधरा राष्ट्रांनी आर्थिक समुदाय स्थापन केला. १९७९ साली माणसांच्या मुक्त संचाराचा करार झाला, १९८२ साली मोहोरबंद मालाच्या वाहतुकीचा. सीएफए फ्रँक हे समान चलन वापरणाऱ्या आठ राष्ट्रांच्या संघाने तर २००५ साली तपासणीची ठिकाणे तीनच ठरवून दिली : निघताना, सरहद्दीवर आणि पोहोचल्यावर.

पुढे या संघाच्या पुढाकाराने प्रमुख मार्गांवरील नाके, लाच आणि खोळंबा यांची मोजदाद सुरू झाली. तीत मुद्दाम कागदपत्रे बिनचूक असलेल्याच मालमोटारी घेण्यात आल्या. तरीही चालकांना पैसे मोजावे लागत असल्याचे आढळले. याचा अर्थ उघड आहे. ही लाच म्हणजे रस्ता वापरण्याबद्दलची खंडणी आहे. मोठा व्यापारी ती मालाच्या किमतीवर चढवून मोकळा होतो. भरडले जातात ते नाशिवंत पीक काढणारा शेतकरी आणि थोडका माल घेऊन सरहद्द ओलांडणारी बाजारकरीण.

सशस्त्र टोळ्यांच्या उपद्रवामुळे नाके हवेतच, असा युक्तिवाद केला जातो. साहेलमधील हिंसाचार खराच आहे. परंतु जो नाका पैशाने उघडतो, तो बंदुका नेणाऱ्यालाही उघडतो. अशा नाक्याने सुरक्षितता लाभत नाही; उलट राज्यसंस्थेवरचा सामान्य माणसाचा विश्वास मात्र उडतो.

केवळ शिपायाला दोष देऊन भागणार नाही. त्याला पुरेसे वेतन वेळेवर मिळाले पाहिजे, प्रत्येक नाक्याच्या वसुलीची मोजदाद नियमाने जाहीर झाली पाहिजे आणि वरिष्ठांना त्याबद्दल जबाबदार धरले पाहिजे. चालकांच्या व बाजारकरणींच्या संघटनांनी त्यासाठी एकत्र येऊन रेटा लावल्याखेरीज कोणतेही सरकार हे आपण होऊन करणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर समुदायातून बाहेर पडले. फ्रँक संघ मात्र त्यांनी सोडला नाही. तेव्हा तीन नाक्यांचा नियम पाळण्याचे बंधन त्यांच्यावर कायम राहिले. राज्यकर्त्यांच्या एकीच्या घोषणा खऱ्या की खोट्या, हे कांद्याची मालमोटार वाटेत किती वेळा अडते यावरूनच ठरेल.