दप्तर रद्दीत, चांदी गाभाऱ्यात

बारडोलीतील एक जुने मराठी घर यंदा विकले गेले. घराचे पणजोबा डॉक्टर. मुंबईस शिकून आलेले व घोड्यावरून खेडी हिंडणारे. माळ्यावरील पेटीत त्यांच्या रोगवह्या, औषधांचे हिशेब आणि घरची पत्रे होती. रद्दीवाल्याने ती वजनावर नेली. आम्हांस वार्ता कळली तेव्हा पेटी तेवढी उरली होती. घरच्यांस दोष देताना आमची जीभ अडखळते, कारण आमच्या आजोळचे वैद्यकीचे बाड असेच बंबात गेले.

त्या कागदांत होते तरी काय, असे विचारणारे सुज्ञ आमच्यात पुष्कळ आहेत. १९२८ च्या सत्याग्रहापूर्वी बारडोलीचा सारा २२ टक्क्यांनी वाढविला गेला, हे सरकारी दप्तरातून कोणीही सांगेल. परंतु १८९९-१९०० च्या छप्पन्निया दुष्काळात कोणत्या घरी पटकी शिरली, हाळी मजुराच्या बायकोचे बाळंतपण कोणी केले, फीच्या ऐवजी गुळाची ढेप कोणी आणून ठेवली, हे टिपील तर गावचा डॉक्टरच टिपील.

दूर कशाला, सुरतेकडे पाहा. डॉ. रखमाबाई १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात आल्या आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेथे झिजल्या. त्यांचे सावत्र वडील सखाराम अर्जुन हेही डॉक्टरच. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर लावलेला खटला आम्हांस पाठ आहे, कारण तो कोर्टाच्या दप्तरात व वर्तमानपत्रांत राहिला. त्या इस्पितळातील हजारो रात्रींविषयी मात्र आम्ही चार वाक्यांपलीकडे बोलू शकत नाही. भांडण टिकले, सेवा विरली!

रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या आपल्या कोंकणी वैद्यांची नावे आज आपण अभिमानाने उच्चारतो. का? १६७५ मध्ये कोचीन येथे त्यांनी नागरी लिपीत, कोंकणीत लिहून दिलेले प्रमाणपत्र व्हान रीड नावाच्या डच अधिकाऱ्याने आपल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथात १६७८ मध्ये छापले म्हणून. ते परक्याने जपले. हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

कागद जपणे आपल्याला जमत नाही, असे मुळीच नव्हे. महाजनकीचा हक्क, पालखीचा मान किंवा देवळाची जमीन यांचा प्रश्न निघताच शंभर वर्षांची नोंदवही क्षणात पुढे येते. ज्या वहीत हक्क नाही, केवळ दुसऱ्याचे दुखणे आहे, तिलाच वाळवी लागते.

रोग्यांची गुपिते उघडी पडतील, हा आक्षेप मात्र आम्ही मानतो. महारोग, गर्भपात, वेड यांच्या नोंदींत ज्यांची नावे आहेत त्यांचे नातू हयात आहेत. मग कपाटाला कुलूप घाला, ठराविक वर्षे वाचकांस बंदी करा, नावे झाकून नकला द्या. कुलपाचा उपाय असताना रद्दीचा तराजू कशाला?

देवस्थानांकडे जागा आहे, पैसा आहे, आणि कुळांचा विश्वासही आहे. गाभाऱ्याच्या दारांस चांदी मढविण्यास आमचा विरोध नाही. तथापि त्याच अंदाजपत्रकात एक लोखंडी कपाट व एक कारकून यांची रक्कम बसते की नाही, हे पुढील महाजनसभेत खजिनदारांनी उभे राहून सांगावे.