बदामाचे दूध प्यावे, पण दूध समजून नव्हे

रात्री मूठभर बदाम भिजत घालायचे, सकाळी साले काढून चौपट पाण्यासोबत मिक्सरमधून फिरवायचे, सुती फडक्यातून पिळून गाळायचे आणि वर वेलची, केशर किंवा खजूर घालायचा. घरच्या घरी बदामाचे दूध करण्याची ही रीत शहरांतल्या अनेक स्वयंपाकघरांत आता रुळली आहे. कोणी काजूचे करते, कोणी शेंगदाण्याचे. कोणाला दूध पचत नाही, कोणाला वजन कमी करायचे असते, तर कोणी प्राण्यांपासून मिळणारे सगळेच पदार्थ सोडलेले असतात. या पेयात वाईट काही नाही. घोटाळा होतो तो त्याच्या नावाने. दूध म्हटले की ते दुधाचे काम करणार, असे घरातले गृहीत धरतात. मोठ्यांच्या बाबतीत हे फारसे बिघडत नाही, कारण त्यांच्या ताटात इतर बरेच काही असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे मात्र बिघडू शकते.

हिशेब साधा आहे. गाईच्या 200 मिलिलिटर दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि 240 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आता पंधरा बदाम घ्या. त्यांचे वजन भरते सुमारे 18 ग्रॅम. त्यात प्रथिने जेमतेम साडेतीन ग्रॅम आणि कॅल्शियम 45 मिलिग्रॅमच्या घरात. तेही बदाम चावून खाल्ले तर. गाळल्यावर यातला बराच भाग, आणि जवळजवळ सगळा तंतुमय भाग, फडक्यातल्या चोथ्यात राहतो. पेल्यात उतरते ते पाणी, थोडे तेल, थोडी प्रथिने आणि बदामाचा वास. ब-12 जीवनसत्त्व तर कोणत्याही सुक्या मेव्यात नसतेच. बाजारातल्या काही पाकिटबंद पेयांत कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे वरून मिसळलेली असतात, घरच्यात ती येणार कुठून? शाकाहारी घरात ब-12चा मुख्य आधार दूध, दही आणि ताक हाच असतो. तो काढून घेतला आणि जागी बदामाचे पाणी आले, तर कमतरता हळूहळू, नकळत येते.

लहान मुलांच्या बाबतीत हे नुसते अंकगणित राहत नाही. 2016मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या अकरा महिन्यांच्या एका बाळाची नोंद प्रसिद्ध झाली. अडीच महिन्यांचे असल्यापासून त्याला बदामावर आधारलेल्या पेयावर ठेवले होते. बाळ पाय हलवले की रडायचे, उभे राहायचे नाव घेत नव्हते. निदान झाले स्कर्व्हीचे, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचे. जुन्या काळच्या खलाशांचा म्हणून ओळखला जाणारा हा आजार त्या बाळाला काळजी घेणाऱ्या घरात झाला. 2001मध्ये याच नियतकालिकात अमेरिकेतल्या लहान मुलांच्या अशाच नोंदी आल्या होत्या. दुधाऐवजी तांदळाचे पेय मिळालेल्या मुलाला प्रथिनांअभावी सूज आली होती, तर सोयाचे पेय मिळालेल्याला मुडदूस झाला होता. ही घरे गरीब किंवा बेफिकीर असतात असे नाही. उलट, मुलाचे भले व्हावे म्हणूनच हे प्रयोग केले जातात.

म्हणून एक रेघ स्पष्ट ओढायला हवी. एक वर्षाखालच्या बाळाला कोणत्याही मेव्याचे ‘दूध’ आईच्या दुधाऐवजी देऊ नये. आईचे दूध पुरत नसेल किंवा बाळाला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल, तर पर्याय डॉक्टरांनी ठरवायचा असतो, त्यासाठी खास फॉर्म्युला मिळतो. बाळाच्या पेयात गोडीसाठी मध तर घालूच नये, वर्षाखालच्या बाळाला त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाला चवीला पेलाभर द्यायला हरकत नाही, पण रोजच्या दुधाच्या बदल्यात नको. या वयात अख्खा बदाम किंवा दाणा घशात अडकू शकतो. त्यापेक्षा बदाम-दाण्यांचे बारीक कूट खिरीत किंवा लापशीत घालावे. त्याने चोथाही पोटात जातो.

‘पण आम्हाला दूध पचतच नाही,’ असे म्हणणाऱ्यांचे काय? ही तक्रार खरी असते. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर वय वाढते तसे अनेक भारतीयांत कमी होते. मग पोट फुगते, जुलाब होतात. तरी अशांपैकी पुष्कळांना जेवणासोबत अर्धा पेला दूध सोसते आणि दही-ताक तर सहज पचते, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात. दुधाने त्रास होतो म्हणून दहीही सोडणे हा घाईचा निर्णय आहे. ज्यांना प्राणिजन्य काहीच नको, त्यांनी कॅल्शियम तीळ आणि नाचणीतून मिळवावे. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. प्रथिने डाळी-उसळींतून घ्यावीत आणि ब-12 डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीतून.

एवढे ध्यानात ठेवले, तर मेव्याचे पेय घरी करणे उत्तमच. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तिथे पहिले पाणी असते आणि चवीच्या पेयांत पुष्कळदा बदामाआधी साखर येते. घरी पाणी किती, गोड किती हे आपल्या हातात असते. फक्त खजूर, गूळ, मध घातला म्हणजे ते ‘बिनसाखरेचे’ होत नाही. मधुमेह असलेल्याच्या रक्तातली साखर यांनीही वाढते. वेलची, जायफळ, दालचिनी, केशर यांच्या सुवासाने कमी गोडही पुरेसे वाटते.

स्वच्छतेचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. कच्च्या बदामांतून साल्मोनेलाची लागण पसरल्याच्या घटना 2001 आणि 2004मध्ये उत्तर अमेरिकेत घडल्या. त्यानंतर 2007पासून कॅलिफोर्नियाचे बदाम जंतुमुक्त करूनच तिथे विकावे लागतात. हा नियम उत्तर अमेरिकेतल्या विक्रीपुरता आहे. आपल्या बाजारात कॅलिफोर्नियाचाच बदाम मोठ्या प्रमाणात येतो. तेव्हा बदाम धुऊन, उन्हाळ्यात शक्यतो फ्रिजमध्ये भिजवावेत, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि गाळलेले पेय ढवळत एक उकळी येईपर्यंत तापवावे. गार करून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. गाळायचे फडके दर वेळी उकळत्या पाण्यातून काढावे. कडू लागणारा बदाम थुंकून टाकावा, कडू बदामात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. बदामात ऑक्सलेटही भरपूर असते. मूतखडा होऊन गेलेल्यांनी रोज पेलाभर पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

खिशाचा विचार केला तर शेंगदाणा अधिक शहाणपणाचा. 30 ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दाणे भाजून, साले काढून वाटावेत आणि न गाळता प्यावे. मात्र सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा दाणा निवडून टाकायलाच हवा. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि उकळल्यानेही जात नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने काही दशकांपूर्वी शेंगदाण्याच्या प्रथिनांपासून ‘मिल्टोन’ तयार केले होते. त्यांनीही दाण्याचे पाणी दूध म्हणून पुढे केले नाही. दाण्यातली प्रथिने वेगळी काढून ती गाई-म्हशीच्या दुधात मिसळली आणि दुधाचा पुरवठा वाढवला.

2021मध्ये अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांच्या विक्रीत ‘दूध’ हा शब्द वापरण्यास हरकत घेतली, तेव्हा हा दूधधंद्याचा आणि नव्या कंपन्यांचा वाद म्हणून पाहिला गेला. आरोग्याच्या बाजूनेही ती हरकत योग्य होती. मालवणी घरांत शिरवाळ्यांसोबत गूळ-वेलची घातलेले नारळाचे जे वाढतात, त्याला ‘रस’ म्हणतात. तो आवडीने खाल्ला जातो, पण तो पाजून मूल वाढवायचा विचार कोणी करत नाही. बदामाच्या पेयालाही असाच ‘बदामाचा रस’ म्हटले, तर निम्मा गैरसमज आपोआप मिटेल. उरलेला मिटवण्याचे काम बालरोगतज्ज्ञांचे आणि अंगणवाडी सेविकांचे आहे. ‘मूल दूध पिते का?’ एवढ्यावर न थांबता ‘कशाचे दूध?’ हेही त्यांनी विचारायला हवे.