गाजावाजा जाहीर, हिशेब गुपित



11 मे 1998 ला, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी पोखरणला अणुस्फोट झाले. शहरात पेढे वाटले. ‘जय जवान, जय किसान’च्या मागे ‘जय विज्ञान’ जोडलं गेलं. 1999 पासून तर सरकारने 11 मे हा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनच केला. 1974 च्या स्फोटालाही ‘शांततेसाठी’ म्हटलं होतं, आणि दिल्लीला निरोप गेला म्हणे, बुद्ध हसला! ज्या नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना बुद्धाची वाट दाखवली, तिथे बसून हे ऐकवत नाही.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. पण ज्याचा एवढा गाजावाजा, त्याचा हिशेब काहून मागू नये?

1965 साली सरकारने तुर्भ्याची अणुभट्टी 10 रुपयांच्या टपाल तिकिटावर छापली. युरेनियम निघालं ते तेव्हाच्या बिहारातल्या जादुगोड्याच्या खाणीतून. तिथल्या हो-संथाळ भावाबहिणींचं तिकीट कोणी काढलं नाही. उलट खाणीचा विषारी गाळ साठवायला नवं तळं पाहिजे म्हणून 1996 साली चाटीकोचा गावातली आदिवासींची घरं पाडली. पोखरणजवळच्या खेतोलाई गावात स्फोटाने भिंतींना भेगा पडल्या. पेढे वाटणाऱ्यांच्या भिंती शाबूत आहेत.

सन 2000 पर्यंत 10 हजार मेगावॅट अणुवीज करू, असं सांगत होते. 1999 च्या सुरुवातीला 2 हजारही नव्हती. विचारायला जावं, तर 1962 चा अणुऊर्जा कायदा माहिती झाकायची मुभा द्यायचा. आणि जास्त विचारलं, की देशद्रोही!

हे आपल्याला काहून सांगतो? अणुखनिज शोधणाऱ्या सरकारी खात्याचं विभागीय कार्यालय नागपुरातच आहे. उद्या कोणी आपल्या जंगलात भोकं पाडायला आलं, तर ‘देशासाठी’ हाच शब्द पुढे करतील. तेव्हा दबून अंगठा देऊ नका. आधी विचारा: पाणी कुठलं घेणार? गाळ कुठे टाकणार? माणसं आजारी पडली, तर तपासणी खाणवाले करणार की दुसरं कोणी? कागद आमच्या भाषेत वाचून दाखवणार का?

1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावीच लागते. ती ग्रामसभेतच झाली पाहिजे, सरपंचाच्या ओसरीवर नाही.

देश आमचाही आहे. म्हणूनच विचारतो.

(हा लेख ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.)