‘मे’, ‘मस्ट’ आणि दिलेला शब्द

‘माल सोमवारी पाठवू’, ‘माल सोमवारी पाठवता येईल’ आणि ‘माल सोमवारी पाठवायला हवा’ ही तीन वाक्ये मराठी व्यापाऱ्याच्या कानाला निरनिराळी ऐकू येतात. पहिल्यात वचन आहे, दुसऱ्यात शक्यता आणि तिसऱ्यात कर्तव्याची जाणीव. मालाची हमी मात्र केवळ पहिल्यात आहे. मराठीत हा भेद क्रियापदाच्या रूपातून आणि ‘लागणे’, ‘पाहिजे’, ‘शकणे’ यांसारख्या शब्दांतून व्यक्त होतो. इंग्रजीत हेच काम मोजके छोटे शब्द करतात : कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. शाळेत त्यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. बारावीच्या प्रश्नपत्रिकेपुरते ते पाठ होतात आणि परीक्षा संपताच विसरले जातात. व्यवहारात मात्र पत्र, ईमेल, करारनामा आणि कर्जमंजुरीचे पत्र यांतील जबाबदारीचा भार याच शब्दांवर असतो.

यांची रचना अगदी सोपी आहे. यांच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते. मध्ये ‘टू’ येत नाही. ‘ही मस्ट टू पे’ हे अशुद्ध, ‘ही मस्ट पे’ हे शुद्ध. कर्ता एकवचनी असला तरी यांना ‘एस’ हा प्रत्यय लागत नाही. म्हणून ‘ही कॅन्स’ असे रूप नाही. प्रश्न करताना हा शब्द कर्त्याच्या आधी जातो आणि नकारासाठी त्याच्यामागे ‘नॉट’ ठेवला की पुरे. प्रमाण इंग्रजीत असे दोन शब्द एकापुढे एक येत नाहीत. ‘विल कॅन’ याऐवजी ‘विल बी एबल टू’ म्हणावे लागते. रचनेत चूक झाली तरी वाचणारा अर्थ लावून घेतो. अर्थात चूक झाली, तर ती दिसतही नाही आणि नुकसान मात्र करून जाते.

‘कॅन’ सामर्थ्य सांगतो, तर ‘मे’ अनुमती किंवा शक्यता. ‘यू मे कलेक्ट द गुड्स टुमॉरो’ यात माल नेण्याची परवानगी आहे. ‘द ट्रक मे कम टुमॉरो’ यात केवळ ट्रक येण्याचा संभव आहे. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याच्या हाती अधिकार आहे, दुसऱ्यात कोणाच्याच हाती काही नाही. ‘माइट’ हा शब्द बहुधा संभव आणखी क्षीण करतो. ‘पेमेंट माइट कम बाय फ्रायडे’ असे उत्तर आले, तर शुक्रवारच्या भरवशावर दुसऱ्या कोणाला चेक देणे शहाणपणाचे नव्हे.

‘मे’ची ही अनिश्चितता ध्यानी न घेतल्याने अनुवादात काय घडते, याचे उदाहरण जैन वाचकांना परिचित आहे. ‘स्यात्’ हे रूपाने संस्कृत ‘अस्’ धातूचे विधिलिङ् आहे. म्हणून इंग्रजी अनुवादांत त्याच्या जागी पुष्कळदा ‘मे बी’ बसविले गेले. परंतु जैन न्यायात ‘स्यात्’ हे अव्यय मानले जाते आणि त्याचा अर्थ ‘कथंचित्’, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, असा घेतला जातो. ‘मे बी’मध्ये बोलणाऱ्याचा संशय असतो, ‘स्यात्’मध्ये विधानाची मर्यादा निश्चयाने सांगितलेली असते. स्याद्वादाला संशयवाद समजण्याच्या गैरसमजाला अशा अनुवादाने हातभार लागला.

सर्वांत अधिक घोटाळा ‘मस्ट’च्या नकारात होतो. ‘यू मस्ट पे नाऊ’ म्हणजे आता पैसे भरलेच पाहिजेत. याच्या उलट ‘यू मस्ट नॉट पे नाऊ’ म्हणजे ‘आता भरण्याची गरज नाही’ असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. त्याचा अर्थ ‘आता मुळीच भरू नका’ असा होतो. तो निषेध आहे. गरज नाही एवढेच सांगायचे असेल, तर ‘यू नीड नॉट पे नाऊ’ किंवा ‘यू डोन्ट हॅव टू पे नाऊ’ असे लिहावे. मराठीतील ‘भरावे लागत नाही’ आणि ‘भरू नये’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच या दोन इंग्रजी वाक्यांत आहे. ग्राहकाला सवलत कळवू पाहणारे पत्र एका शब्दामुळे मनाई करणारे ठरू शकते.

‘शुड’ हा शब्दही दोन तोंडांचा आहे. ‘यू शुड चेक द वेट’ हा सल्ला आहे. परंतु पुरवठादार ‘वुइ शुड बी एबल टू डिलिव्हर बाय फ्रायडे’ असे लिहितो, तेव्हा ‘शुक्रवारपर्यंत जमायला हरकत नाही’ एवढाच त्याचा अंदाज असतो. ‘वुइ विल डिलिव्हर बाय फ्रायडे’ हे मात्र वचन आहे. पेढीवर आलेल्या पत्रात यांपैकी कोणता शब्द आहे, हे पाहूनच पुढच्या गिऱ्हाइकाला वायदा द्यावा.

‘विल’च्या जागी ‘वुड’ लिहिण्याची सवय भारतीय इंग्रजीत पुष्कळ आढळते. ‘द शॉप वुड रिमेन क्लोज्ड ऑन संडे’ असा फलक लावला जातो. निश्चित गोष्टीसाठी येथे ‘विल’ हवा. ‘वुड’ ऐकताच इंग्रजीभाषक पुढच्या अटीची वाट पाहतो. ‘वुड’ आणि ‘कुड’ यांचे खरे स्थान सौजन्यात आहे. मराठीत आदर ‘आपण’ या सर्वनामात आणि ‘पाठवावे’, ‘कळवावे’ अशा विध्यर्थी रूपांत सहज येतो. इंग्रजीत ‘यू’ सर्वांना एकच, म्हणून आदराचे बरेचसे काम या शब्दांकडे जाते. ‘सेंड द बिल’ ही आज्ञा झाली. ‘कुड यू प्लीज सेंड द बिल?’ म्हणजे ‘कृपया बिल पाठवावे’.

बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रात या शब्दांची वाटणी विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखी असते. कर्जदाराच्या वाट्याला बहुधा ‘शॅल’ येतो : तो विमा उतरवील, साठ्याचे विवरण वेळेवर देईल, तारण सांभाळील. हा ‘शॅल’ भविष्यकाळाचा नाही, बंधनाचा आहे. बँकेच्या बाजूला बहुधा ‘मे’ असतो : बँक तपासणी करू शकेल, व्याजदर बदलू शकेल, कर्ज परत मागू शकेल. एकाला कर्तव्य आणि दुसऱ्याला मुभा, अशी ही मांडणी असते. ती अन्यायाची असतेच असे नाही. पण सही करण्यापूर्वी ती कर्जदाराच्या ध्यानी आलेली असावी. ‘बँक मे रिन्यू द लिमिट’ या वाक्यात नूतनीकरणाचे आश्वासन नाही, हे वर्षअखेरीस कळून उपयोग नसतो.

हा भेद किती खोल जातो, याची साक्ष निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ या कायद्यात मिळते. चेक न वटल्याच्या खटल्यांसाठी २०१८ साली त्यात दोन कलमे घालण्यात आली. कलम १४३ए नुसार खटला चालू असताना न्यायालय आरोपीस चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्यास सांगू शकते. कलम १४८ नुसार शिक्षेविरुद्ध अपील झाल्यास दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरण्याचा आदेश अपील न्यायालय देऊ शकते. दोन्ही ठिकाणी शब्द ‘मे’ हाच आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कलम १४८ मधील ‘मे’ सर्वसाधारणपणे ‘शॅल’सारखा वाचावा, रक्कम भरण्यास न सांगणे हा सकारण अपवाद असावा, असे म्हटले, २०२४ साली कलम १४३ए मधील ‘मे’ हा मात्र ‘मे’च आहे, असा निर्णय दिला. कारण उघड आहे. पहिल्या टप्प्यावर दोष सिद्ध झालेला नसतो, दुसऱ्यावर शिक्षा झालेली असते. शब्द एक, संदर्भ दोन, म्हणून बळही दोन. उधारीच्या वसुलीसाठी न्यायालयात जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा फरक थेट रोकडीचा आहे.

जेथे संशयाला जागाच ठेवायची नाही, तेथे इंग्रजी या शब्दांचा आश्रय घेत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. चेकवर नुसते ‘पे’ असते. ती बँकेला दिलेली सरळ आज्ञा. वचनचिठ्ठीत आणि चलनी नोटेवर ‘आय प्रॉमिस टू पे’ असते; तेथे वचन हे वचन म्हणूनच उच्चारलेले असते. ‘आय मे पे’ असे लिहिलेला कागद वचनचिठ्ठी होऊच शकत नाही. कायद्याला तेथे बिनशर्त पत्करलेली जबाबदारी लागते.

घरातील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि वडीलधारे मराठीत हिशेब ठेवतात, अशा कुटुंबात याचा अभ्यास एकत्र करता येतो. पेढीवर आलेले एखादे इंग्रजी पत्र घ्यावे, त्यातील कॅन, मे, शुड, विल, शॅल, मस्ट या शब्दांखाली रेघ मारावी आणि प्रत्येक वाक्य मराठीत म्हणून पाहावे : येथे वचन आहे, मुभा आहे, सल्ला आहे, की निव्वळ अंदाज? आपण पाठवीत असलेल्या पत्रालाही हीच कसोटी लावावी. जे निश्चित करायचे आहे तेथे ‘विल’ लिहावा; जे हातात नाही तेथे ‘मे’ लिहिण्यास संकोच करू नये. पाळता येईल तेवढाच शब्द देणे ही पेढीची जुनी रीत इंग्रजी पत्रातही सांभाळता येते.